पाथरी, आज भाजी काय?

परभणी, पूर्णा, पालम आणि पाथरी या चार गावांत टेलिफोनवाल्यांच्या घरी आज काय भाजी झाली, हे मन्मथअप्पांना सकाळी सव्वाआठपर्यंत पाठ असायचं. या चारही गावांत त्यांचं ना सोयरं ना धायरं. यातल्या एकाही घरात ते कधी जेवलेले नव्हते. पण पाथरीला मंगळवारी दोडका, बुधवारी दोडका आणि गुरुवारीही दोडकाच निघाला, तर अप्पा लगेच विचारणार, "काय हो पाथरी, वहिनी माहेरी गेल्या काय?" आणि त्या खरंच गेलेल्या असायच्या.

हे काही चहाटळपणानं चाललेलं नव्हतं. हे अप्पांचं सरकारी काम होतं.

आमचं गाव पूर्णा आणि पालम यांच्या मधलं. गावात टेलिफोनचं एक्स्चेंज म्हणजे दोन खोल्या आणि वर पत्रा. उन्हाळ्यात आत बसलं की माणूस भाजून निघायचं. पन्नास नंबरांचा बोर्ड, एक हलणारी खुर्ची, एक न हलणारा पंखा आणि बाहेरगावी जाणाऱ्या चार ट्रंक लाईनी. आता पोरांना खोटं वाटेल, पण तेव्हा आमच्याकडच्या फोनला आकडेच नव्हते. गिऱ्हाइकानं फोनची दांडी फिरवली की आमच्या बोर्डावर त्याच्या नंबराची पट्टी पडायची. आम्ही दोरी खुपसून विचारायचं, कुठं बोलायचंय, आणि दोरीचं दुसरं टोक त्या भोकात खुपसून द्यायचं. मी तिथं ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा माझं वय चोवीस. वडील पूर्णेला रेल्वेत, त्यामुळं शिट्ट्या, इंजिनं आणि भांडणं यांच्यात वाढलेली. तोंडाळ म्हणून माझी ख्याती माझ्याआधी गावात पोचली होती.

तर नियम असा होता, की रोज सकाळी आठ वाजता चारही ट्रंक लाईनी तपासायच्या. म्हणजे समोरच्या गावाला रिंग मारायची, "ऐकू येतंय का?" विचारायचं, तिकडून "येतंय, येतंय" आलं की वहीत 'ठीक' लिहायचं. दोन मिनिटांचं काम. मी पहिल्या दिवशी ते दीड मिनिटात उरकलं आणि चहा प्यायला उठले. अप्पा दारात उभे. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाचा दोरा, पायात टायरच्या चपला. त्यांनी वही बघितली, मला बघितलं आणि म्हणाले, "बाई, हो म्हणायला ऐकू यावं लागत न्हाई."

मग खुर्चीवर बसून त्यांनी चारही लाईनी परत लावल्या. प्रत्येकाला एकच सवाल, आज भाजी काय? त्यांचं म्हणणं असं, की 'ऐकू येतंय का' याला माणूस झोपेतसुद्धा 'येतंय' म्हणतो, खरखर असली तरी म्हणतो, सवयीनं म्हणतो. पण 'भाजी काय' याला 'येतंय' म्हणता येत नाही. तिथं ऐकावंच लागतं, आणि उत्तर काहीतरी खरं द्यावं लागतं. आपण ते नीट ऐकलं तर लाईन दोन्ही बाजूंनी चालू. त्यामुळं अप्पांच्या वहीत 'ठीक' हा शब्द नव्हता. तिथं असायचं: पाथरी, शेपू, स्वच्छ. पालम, बेसन, जरा खरखर. पूर्णेचा ऑपरेटर एखाद्या रविवारी मटण म्हणाला, तर अप्पा वहीत नुसतं 'आवाज आला' लिहायचे. स्वच्छ लिहायला त्यांचा हात धजायचा नाही.

एकदा वरचे साहेब तपासणीला आले आणि ती वही उघडून बघतच राहिले. ही खानावळीची वही इथं कशी, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी अप्पांकडं बोट दाखवलं, कारण खोटं बोलायची मला सवय नाही. अप्पांनी साहेबांना पंधरा मिनिटं सगळी पद्धत समजावली. साहेब "समजलं, समजलं" म्हणत घड्याळ बघत होते. अप्पा थांबले आणि अदबीनं विचारलं, "साहेब, काय समजलं ते जरा सांगता का?" त्यानंतर तपासणी दोन वर्षं झाली नाही.

ही रीत कधीपासून सुरू केली, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी नामांतराच्या दंगलीचं सांगितलं. अठ्ठ्याहत्तर साली तारा तुटल्या, खांब पडले, आणि जी एखादी लाईन शाबूत होती तिच्यावरून प्रत्येक गावातून एकच उत्तर, सगळं ठीक हाय. इकडं एक्स्चेंजच्या दारात उभं राहिलं तर वस्त्यांवरचा धूर दिसायलाय, आणि कानात 'सगळं ठीक'. तेव्हापासून 'ठीक' या शब्दावरचा विश्वास उडाला, म्हणाले.

शनिवारी दुपारी गिऱ्हाइकांची वर्दळ कमी असली की अप्पा 'फेरा' करायचे. फेरा म्हणजे आमच्याकडून पालम, पालमहून परभणी, परभणीहून पूर्णा आणि पूर्णेहून परत आमच्याकडं, अशी एका दमात लाईन जोडायची. चार ठिकाणच्या चार ऑपरेटरांनी दोऱ्या खुपसून धरायच्या. मग अप्पा एका हातातल्या फोनमध्ये लिंगायतांचा नमस्कार घालायचे, "शरणार्थ." दुसऱ्या हातातला फोन कानाला. अर्ध्या जिल्ह्याला वळसा घालून त्यांचाच आवाज बारीक होऊन परत यायचा, "शरणार्थ." त्यावर ते इतक्या भक्तिभावानं मान लववायचे, की मला तोंडात पदर कोंबून बाहेर पळावं लागायचं. तिकडचे ऑपरेटर दर शनिवारी शिव्या द्यायचे, आणि फेरा चुकला तर सोमवारी अप्पांची तब्येत विचारायचे. यातून काय मिळतं, असं मी विचारलं तर म्हणाले, "आपलं बोलणं शेवटपर्यंत पोचलं, येवढं कळतंय की."

एक्स्चेंजमध्ये ठीक होतं. पण अप्पा ही तपासणी गावभर करत फिरायचे. एसटीत बसून पालमचं तिकीट मागायचे, कंडक्टर "हां हां" म्हणत तिकीट फाडायचा, तर विचारायचे, "मी कुठं उतरणार, सांगा." डॉक्टर मान डोलवत औषध लिहायला लागला की, "कुठं दुखायलंय मला, सांगा." न्हाव्याला, शिंप्याला, वाण्याला, कोणाला सुटका नाही. वाणी बिचारा अप्पा दिसले की आधीच म्हणायचा, पावशेर शेंगदाणे, बिनखवट, तुमी सांगितलं, मी ऐकलं.

शिवरात्रीला मठात प्रवचन झालं. महाराजांनी शेवटी विचारलं, समजलं का मंडळी? मंडळी म्हणाली, हो. तिसऱ्या रांगेतून अप्पा उठले आणि पहिल्या रांगेतल्या लोकांना एकेक करून विचारायला लागले, काय समजलं? पहिल्या रांगेत गावचे सरपंच, सोसायटीचे चेअरमन आणि अडत दुकानदार होते. पुढच्या वर्षीपासून अप्पा मठात आले की पहिल्या दोन रांगा मोकळ्या राहायला लागल्या. महाराजांनीही तो प्रश्न सोडून दिला.

गावानं त्यांना येडं ठरवून टाकलं होतं. मीही त्यातच होते, उगाच शहाणपण कशाला सांगू. माझ्या मैत्रिणींना अप्पांचे किस्से रंगवून सांगायचं, हा माझा सुट्टीतला उद्योग होता.

फक्त एका बाबतीत लोक हसता हसता गंभीर व्हायचे. अप्पांना एकुलती एक लेक, शैला. दिसायला नेटकी, बारावी झालेली, स्वभावानं शांत. तिचं वय पुढं चाललं होतं आणि लग्न जमत नव्हतं. लोक म्हणायचे, असल्या उफराट्या माणसाच्या घरात कोण सोयरीक करणार? बघायला आलेल्या पाव्हण्यांचीच हा उलटतपासणी घेईल. अप्पा हे ऐकून आपलं काम करत राहायचे. पण शैलाच्या लग्नाचा विषय निघाला, की त्यांची दोरी चुकीच्या भोकात जायची. मग पोलीस ठाण्याला पिठाची गिरणी लागायची.

दोन वर्षांत त्यांनी मला एकदाही घरी बोलावलं नव्हतं. याचं मला वाईट वाटायचं, खरं सांगते. गावात माझं दुसरं कोण होतं? मग एके दिवशी अप्पा कामावर आले नाहीत. एक्स्चेंजच्या आतल्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडं. मी विचारत विचारत त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. अप्पांच्या बायको, गंगाकाकू, ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. माझी सावली सुपावर पडली तशा दचकल्या आणि मग एवढं मोकळं हसल्या, की माझा राग तिथंच गेला.

अप्पा आहेत का, मी विचारलं. "हो हो, या ना." बरं नाही का त्यांना? "हो हो." की बरं आहे? "हो हो, बसा." मी एक्स्चेंजमधली, किल्ली न्यायला आले. "हो हो, चहा टाकते." बोलता बोलता त्या सुपात बघत होत्या. मला कसंतरीच वाटलं. आणि मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी म्हटलं, "काकू, आज भाजी काय?"

"हो हो," काकू म्हणाल्या.

दोन वर्षं त्या सवालाची टिंगल केली होती, आणि आज त्यानं माझं तोंड बंद केलं. काकू हसत आत गेल्या. त्या चुलीपाशी वळल्या तेवढ्यात फळीवरचं पितळी ताट खाली आदळलं. मी ओरडले. काकूंनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

मधल्या खोलीत अप्पा घोंगडी पांघरून पडलेले होते. तापानं डोळे लाल झालेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांना कळलं, की मला कळलं. हळू आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. बारा वर्षांपूर्वी काकूंना विषमज्वर झाला होता. जीव वाचला, कान गेले. हे फक्त त्यांना आणि शैलाला माहीत. काकूंनीच शपथ घातली होती, पोरीचं लग्न होईस्तोवर कोणाला बोलायचं नाही. लोक म्हणतील रक्तातच हाय, लेकीच्या पोटीही बहिरीच पोरं होतील. समोरच्याच्या तोंडावर उजेड असला, तो हळू बोलला आणि विषय माहीत असला, तर काकूंना ओठांवरून समजायचं. बाकी सगळ्याला 'हो हो'. एवढ्यावर त्यांनी बारा वर्षं काढली. वर गल्लीतल्या बाया म्हणायच्या, गंगाकाकूंसारखी गुणी बाई न्हाई, कधी कोणाला उलटून बोलत न्हाई.

मी विचारलं, मग तुम्ही गावभर ते काय करत फिरता? दंगलीचं कारण सांगितलं होतं, ते खोटं का?

"ते बी खरं हाय," अप्पा म्हणाले. "पण बाई, मी एकट्या बायकोलाच परत परत विचारायला लागलो, काय म्हणलो सांग, काय कळालं सांग, तर शेजारणीला संशय येतोय. सगळ्या गावालाच तसं विचारलं की मग ते माझं येड ठरतंय. मला येडं म्हणले तरी चालतंय. तिच्याकडं कोणी बघत न्हाई."

मला रडू आलं. मी किल्ली मागितली आणि चहा न घेताच निघाले. जाताना काकूंच्या समोर उभं राहून, उजेडाकडं तोंड करून, हळू म्हटलं, परत येईन. त्या म्हणाल्या, "परत या." दोन वर्षांतल्या माझ्या किश्शांची मला मनापासून लाज वाटली.

त्यानंतर मी त्या घरचीच झाले. आणि दोन महिन्यांनी पाथरीहून स्थळ आलं.

ते आलं तेही ट्रंक लाईनीवरूनच. पाथरीच्या ऑपरेटरच्या शेजारी कापडाचं दुकान असलेलं एक घर होतं, आपल्याच समाजातलं. मुलगा दुकानात बसायचा, निर्व्यसनी, कमाई चांगली. ऑपरेटरनं सकाळच्या भाजीबरोबर ही खबर दिली आणि अप्पांनी त्या दिवशी वहीत भाजीच्या जागी 'शैला' लिहून ठेवलं. पाव्हणे रविवारी येणार होते. मुलगा, त्याचे वडील आणि आई.

अप्पांनी अशी तयारी केली, की एखादी नवी लाईन टाकायची असावी. पाथरीच्या ऑपरेटरनं चौकशी करून कळवलं होतं, की मुलाची आई प्रत्येक ठिकाणी मुलीच्या आईला तेच चार प्रश्न त्याच क्रमानं विचारते. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, सकाळी किती वाजता उठते, आजी-आजोबांचं कोणी केलं. अप्पांनी चार उत्तरं लिहून दिली, काकूंनी तीन दिवस ती पाठ केली. मी काकूंच्या शेजारी बसायचं. प्रश्न संपला की गुडघा दाबायचा. पाव्हण्यांची गादी खिडकीसमोर टाकली, म्हणजे त्यांच्या तोंडावर उजेड पडेल. ती गादी अप्पांनी चार वेळा हलवली आणि प्रत्येक वेळी स्वतः बसून बघितलं. रंगीत तालमीत मी मुलाची आई झाले. काकूंनी चारही उत्तरं चोख दिली. शैला म्हणाली, आई, तू तर माझ्यापेक्षा जास्त पास होणार.

रविवारी दुपारी जीप आली. आधी मुलगा उतरला, चांगला होता. मग आई उतरली, बारीक, मुकाट. मग वडील उतरले. गृहस्थांना मिशा होत्या. मिशा म्हणजे कशा? वरचा ओठ तर नाहीच, खालचाही ओठ दिसत नव्हता. तोंड कुठं आहे ते त्यांना जेवतानाच सापडत असावं. मी अप्पांकडं बघितलं. अप्पा मिशांकडं बघत होते.

त्यात मुलाची आई काही बोलेचना. आज सगळं यजमानांनीच विचारायचं, असं जीपमध्ये ठरलेलं दिसत होतं. चारही प्रश्न जागच्या जागी राहिले. गादीवर टेकून मिशा हलल्या आणि त्यांनी काकूंना विचारलं, तुमचं माहेर कुठलं? काकूंनी टक लावून बघितलं. प्रश्न संपला म्हणून माझा हात सवयीनं दाबला गेला. काकू प्रसन्नपणे म्हणाल्या, "सगळं तीच करते. मी नुसती बसून खाते."

पाव्हणे बघतच राहिले. अप्पा पुढं सरसावले आणि म्हणाले, माहेरी लाडाची होती, तेच सांगायलीय. मिशांतून हसू आलं. मग विचारलं, तब्येत कशी असते तुमची? आता मी दाबणार नव्हते, पण काकूंना वाटलं मी विसरले. त्या आपणहून म्हणाल्या, "घरचं मशीन हाय. झंपर, परकर, सगळं घरीच शिवलं जातंय." अप्पा म्हणाले, म्हणजे मशीन चालवण्याइतकी तब्येत ठणठणीत. तिसरा प्रश्न होता, भाऊ काय करतात? काकू म्हणाल्या, "पाचला उठतंय. पूजा झाल्याबिगर चहाला शिवत न्हाई." यावर पाव्हण्यांनी मान डोलवली आणि आपल्या मुलाला म्हणाले, बघ, असा मामेसासरा मिळायला नशीब लागतं.

दाराआड शैला तोंडावर हात घेऊन उभी होती, हसतेय की रडतेय कळत नव्हतं. मग शैला चहा घेऊन आली, बसली, उठली. मुलाच्या आईवडिलांत काहीतरी कुजबुज झाली. मुलानं मान खाली घालून हं म्हटलं. आणि मुलाचे वडील मांडी सावरून म्हणाले, "अप्पा, पोरगी पसंत हाय आमाला. बैठकीचा दिवस काढा."

झालं होतं. बारा वर्षं ज्यासाठी जीव मुठीत धरला, ते झालं होतं. मी काकूंचा हात घट्ट धरला. त्यांनी सगळ्यांची तोंडं बघितली, चांगलं काहीतरी झालंय एवढं ओळखलं आणि म्हणाल्या, "हो हो."

अप्पा उठले. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. हा चेहरा मी रोज सकाळी आठ वाजता बघत होते. पलीकडून 'ठीक' आलेलं असायचं आणि अप्पांचं अजून विचारायचं राहिलेलं असायचं. मी मान हलवून त्यांना नको नको करत होते. एवढा एक होकार घ्या, अप्पा. एवढा एकच, न तपासता.

ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, उजेड तोंडावर पडेल असे. आणि पाव्हण्यांकडं पाठ करून, काकूंकडं तोंड करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "गंगे, पाव्हणे हो म्हणाले. पण आपण त्यांना सगळं सांगितलेलं न्हाई. बारा वर्षं झाली, तुला ऐकू येत न्हाई. तापात कान गेले. हे ऐकूनच त्यांनी काय ते म्हणावं. तुझी शपथ मी मोडायलोय."

सांगायचं होतं पाव्हण्यांना, पण ते सांगत होते काकूंना. तिच्याबद्दलची गोष्ट तिच्या पाठीमागं बोलायची नाही, म्हणून. मी त्यांना दिवसभर फोनवर खणखणीत बोलताना ऐकलं होतं. बायकोशी ते असे बोलतात, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

दाराआडून शैलाचा हुंदका आला. काकूंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. आणि त्या मोठ्यानं, जरा जास्तच मोठ्यानं म्हणाल्या, "मग मी तीन दिवस पाठ कशाला केलं?"

मुलाच्या आईनं फस्सकन हसून पदर तोंडाला लावला. वडील मात्र हसले नाहीत. ते सतरंजीकडं बघत होते. जन्मापासून न्हाई ना, असं त्यांनी विचारलं. अप्पा म्हणाले, न्हाई, विषमज्वरानं, कागद हायेत दवाखान्याचे. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना रिंग मारून बघितली.

मग वडील सरळ काकूंकडं वळले आणि बोलायला लागले. आजवर सात पोरी बघितल्या. सगळ्या घरांत सगळं चांगलंच निघालं. कोणी बारकीशी उणीव सांगितली न्हाई. नंतर लोकांकडून कळायचं आणि मन उडायचं. तुमच्या मालकानं जमलेलं मोडायची फिकीर न करता सांगितलं. असल्या घरातली पोरगी आमाला पाहिजे. आमचं मघाचंच उत्तर हाय.

मी ऐकलं. अप्पांनी ऐकलं. शैलानं दाराची चौकट धरली. पण ज्यांना उद्देशून ते बोलले होते त्या काकू जीव एकवटून त्या मिशांकडं बघत होत्या, आणि मिशा नुसत्या वरखाली झाल्या होत्या. मी घाईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणजे त्यांनी 'हो हो' म्हणावं आणि हे सगळं एकदाचं पार पडावं.

काकूंनी माझा हात बाजूला केला.

"पाव्हणं," त्या म्हणाल्या, "मला कळालं न्हाई. परत सांगा."

वडील गडबडले. त्यांच्या बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून दाखवलं. तेव्हा त्या भल्या माणसानं दोन्ही हातांनी आपल्या मिशा वर उचलून धरल्या. मिशांखाली चांगलं हसरं तोंड होतं. इतकं लांबलचक बोललेलं त्यांनी चार शब्दांवर आणलं आणि थांबत थांबत म्हणाले, "तुमची पोरगी आमाला द्या."

काकूंनी ते शेवटपर्यंत बघितलं.

"आता कळालं," म्हणाल्या.

अप्पा खिडकीकडं तोंड करून उभे होते. खांदे हलत होते. त्या दिवशी त्यांनी कोणालाच काही उलटं विचारलं नाही.